बेडूकछाप कॉफी, पण भावाचं काय?

माझी मावसबहीण नेदरलँड्समध्ये असते. गेल्या आठवड्यात तिनं तिथल्या सुपरमार्केटमधल्या कॉफीच्या रॅकचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "यातली कुठली घेतली की मन खाणार नाही ते सांग, तुझं कामच आहे ना हे." फोटोत एका पाकिटावर हिरवा बेडूक, म्हणजे रेनफॉरेस्ट अलायन्स या संस्थेचा शिक्का, एकावर फेअरट्रेडचा काळा-निळा-हिरवा शिक्का, आणि तिसऱ्यावर कंपनीनं स्वतःच काढलेला पानाफुलांचा लोगो. आता माझं काम काही कॉफीचं नाही हां, मी पुण्यात एका ऑफिसात बसून मोठ्या कंपन्यांच्या सस्टेनेबिलिटी रिपोर्टसाठी सप्लायर लोकांकडून माहिती गोळा करते, म्हणजे एक्सेल पाठवायची, मग रिमाइंडर, मग फोन, मग "सर तेवढा कॉलम के भरून द्या ना प्लीज". पण हे शिक्के कसे लागतात, त्यामागची कागदं कशी तयार होतात हे रोज बघते, आणि माहेरी नाशिककडे द्राक्षबाग असल्यामुळे त्या कागदांच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाचं तोंड कसं होतं तेही माहितीये. तर ताईला उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की व्हॉट्सॲपवर कोण वाचणार, म्हणून इथे टाकते.

माझं मत आधीच सांगून टाकते. कॉफीच्या धंद्यात कंपनीची जबाबदारी तपासायची असेल तर पहिल्यांदा भाव बघायचा. शेतकऱ्याला किलोमागे किती दिले, कधी दिले, आणि पुढच्या वर्षी किती देणार याची काही हमी आहे का. झाडं नंतर, शाळा नंतर, क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दिसणारा हसऱ्या आजीचा फोटो तर फारच नंतर. आणि गंमत अशी की हे गुळगुळीत कागदावरचे दीड-दीडशे पानांचे रिपोर्ट चाळले की पाणी सापडतं, कार्बन सापडतो, महिला सक्षमीकरण सापडतं, भाव मात्र शोधूनही सापडत नाही.

हिशोब करूनच बघा. १ किलो हिरवी कॉफी म्हणजे भाजायच्या आधीचे दाणे, ते भाजले की साधारण ८३०-८५० ग्रॅम उरतात. कॅफेवाले डबल शॉटला १८ ग्रॅमच्या आसपास वापरतात, म्हणजे किलोमागे ४५-४६ कप. फेअरट्रेडमध्ये, म्हणजे शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव द्यायचाच अशी अट असलेल्या शिक्क्यात, धुतलेल्या अरेबिकाला (अरेबिका ही कॉफीची महागडी जात, धुतलेली म्हणजे गर धुऊन मग वाळवलेली) किमान भाव आहे पौंडाला १.८० डॉलर, किलोला जवळपास ४ डॉलर, आपल्या रुपयात साडेतीनशेच्या आसपास. भागिले ४६. कपामागे साडेसात रुपये. आणि हे साडेसातही शेतकऱ्याच्या हातात पडत नाहीत, हा भाव सहकारी संस्थेला माल जहाजावर चढवून मिळतो, त्यातनं साल काढणं, वाळवणं, ट्रक, संस्थेचा खर्च सगळं वजा. इथे पुण्यात बऱ्या कॅफेत कॅपुचिनोला अडीचशे रुपये घेतात. मी असं म्हणत नाहीये की बाकीचे दोनशे बेचाळीस कुणी लुबाडले, जागेचं भाडं आहे, दूध आहे, पोरांचे पगार आहेत, जीएसटी आहे. पण साडेसातचे दहा करायला जागतिक पातळीवर परिषदा घ्याव्या लागतात हे मला पटत नाही, बास.

बरं, हे नेहमीच असं होतं का? तर नाही. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार झाला होता, पिकवणारे देश आणि पिणारे देश दोघांच्या सह्या, आणि प्रत्येक देशानं किती कॉफी बाहेर पाठवायची याचे कोटे ठरलेले. भाव फार पडला की कोटे आवळायचे, फार चढला की सैल सोडायचे. अमेरिका यात का आली तर प्रेमापोटी नाही, क्युबा नुकताच हातातनं गेला होता आणि लॅटिन अमेरिकेतला गरीब शेतकरी लाल झेंड्याखाली जाईल ही भीती होती. हेतू काहीही असो, मधली कोटे थांबवलेली काही वर्षं सोडली तर १९८९ पर्यंत भावाला काहीतरी टेकू होता. जुलै १९८९ मध्ये कोट्यांवर एकमत झालं नाही, करारातला तो भाग कोसळला आणि काही महिन्यांत भाव निम्म्यावर आले. शीतयुद्ध संपत आलं होतं, आता शेतकरी कुठल्या झेंड्याखाली जातो याचं कुणाला काय पडलंय.

आपल्याकडेही तेव्हा पूल पद्धत होती. कूर्ग, चिकमगळूर, वायनाड, जिथे कुठे कॉफी पिकेल ती कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये द्यायची, बोर्ड लिलाव करणार आणि हप्त्याहप्त्यानं पैसे देणार. महाराष्ट्रात ज्यांना कापूस एकाधिकार खरेदी आठवते त्यांना हे लगेच कळेल, तीच तऱ्हा, तेच रडगाणं की पैसे उशिरा येतात, आणि गेल्यावर मग तीच आठवण की निदान कुणीतरी घेत तरी होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला पूल संपला, शेतकरी मोकळा झाला, सुरुवातीला भावही छान मिळाला. आणि मग २००१ आलं.

२००१ हे साल कॉफीवाल्यांना विचारा. व्हिएतनामनं नव्वदच्या दशकात एवढी रोबस्टा, म्हणजे कॉफीची स्वस्तातली जात, लावली की ब्राझीलनंतर दुसऱ्या नंबरला जाऊन बसला, ब्राझीलचं पीकही जोरात, कोटे नाहीत, आणि न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ५० सेंटच्या खाली गेली. पिकवायचा खर्च निघेना. मध्य अमेरिकेत मळेच्या मळे तोडणीविना सोडून दिले, मजूर उपाशी. वायनाडमध्ये कॉफी आणि मिरी दोन्हींचे भाव जवळजवळ एकदमच बसले आणि शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या यायला लागल्या. आपण त्या काळात यवतमाळ-अमरावतीच्या बातम्या वाचत होतो, पण २००६ च्या पंतप्रधान पॅकेजची ३१ जिल्ह्यांची यादी काढून बघा, विदर्भाच्या ६ जिल्ह्यांबरोबर त्यात वायनाडही आहे. कापसानं मेलेला आणि कॉफीनं मेलेला एकाच जीआरमध्ये.

आता इथे खरी गोष्ट सुरू होते, म्हणजे मला जी सांगायचीये ती. आज पाकिटावर जे शिक्के दिसतात त्यातले बरेचसे नेमके या पडझडीच्या आगेमागे जन्मले. २००२ मध्ये उट्झ हा शिक्का, २००३ मध्ये नेस्लेच्या नेस्प्रेसोचा ट्रिपल ए कार्यक्रम, २००४ मध्ये स्टारबक्सची कॅफे प्रॅक्टिसेस ही नियमावली कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल या संस्थेला बरोबर घेऊन, मग फोर सी नावाचा आणखी एक शिक्का. उट्झ पुढे २०१८ मध्ये बेडूकवाल्या रेनफॉरेस्ट अलायन्समध्ये विलीन झालं. म्हणजे बघा, संकट आलं होतं भावाचं, शंभर टक्के भावाचं, आणि त्यावर जी औषधं निघाली त्यात सावलीची झाडं होती, सांडपाणी होतं, मजुरांसाठी संडास होते, कीटकनाशकांची कपाटाला कुलूप लावून साठवणूक होती, हिशोबाच्या वह्या होत्या. भाव तेवढा नव्हता. बेडकाच्या शिक्क्यात आजही किमान भाव असा नाहीच, बाजारात जो चाललाय तो आणि वर काहीतरी जादा द्या, किती ते तुम्ही आपसात बघा.

अपवाद एकच मोठा, आणि तो या सगळ्यांच्या आधीचा. १९८८ मध्ये हॉलंडमध्ये मॅक्स हॅवेलार नावाचं लेबल निघालं, जावामधल्या कॉफी शेतकऱ्यांच्या पिळवणुकीवर १८६० मध्ये आलेल्या एका डच कादंबरीतल्या नायकाचं नाव. मेक्सिकोच्या ओहाका भागातल्या छोट्या आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था आणि त्यांच्यात राहणारे फ्रान्स व्हान डर हॉफ नावाचे डच पाद्री. शेतकऱ्यांचं म्हणणं साधं होतं की देणग्या पुरे, मालाला नीट भाव द्या. हेच पुढे फेअरट्रेड. यात किमान भाव ठरलेला, बाजार खाली गेला तरी तेवढे द्यायचेच, वर गेला तर बाजारभाव, आणि शिवाय पौंडाला २० सेंट प्रीमियम संस्थेला. म्हणजे आपला हमीभाव झाला की. फक्त सरकारनं दिलेला नाही, गिऱ्हाइकानं दिलेला.

तरी फेअरट्रेडलाही मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. तो किमान भाव २०११ मध्ये १.४० डॉलर केला आणि २०२३ पर्यंत तिथेच. बारा वर्षं! या बारा वर्षांत खत, डिझेल, मजुरी कुठल्या कुठे गेली. आणि संस्थेचा सगळा माल त्या भावानं जातो असंही नाही, सर्टिफिकेट सगळ्या पिकाचं, फी सगळ्या पिकाची, पण फेअरट्रेडच्या अटींवर गिऱ्हाईक मिळतं त्यातल्या काहीच पोत्यांना, बाकीची पोती नेहमीच्या बाजारात नेहमीच्या भावानं. आणि तोडणीला येणारा हंगामी मजूर तर या सगळ्या हिशोबात कुठे बसतो ते शोधायलाच लागतं. पण निदान इथे भाव हा शब्द कागदावर आहे, त्यावर भांडता येतं. म्हणून ताई, तीनच पर्याय असतील तर तो काळा-निळा-हिरवा घे, झालं तुझं उत्तर, बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल.

आता ऑडिट. हे माझ्या पोटापाण्याचं म्हणून जरा जास्त बोलते. ऑडिट म्हणजे लोकांना वाटतं धाड पडते. तसं काही नसतं हो. तारीख आधी कळते, चेकलिस्ट आधी मिळते. मी लहान असताना आमच्या भागातल्या एका पॅकहाउसमध्ये परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट असलं की आदल्या दिवशी नवी फर्स्ट एड पेटी यायची, बायकांना टोप्या आणि हातमोजे वाटायचे, भिंतीवर मराठीत "मास्क वापरा" आणि इंग्रजीत बालकामगार नाहीत असे बोर्ड लागायचे, आणि रजिस्टरं एका बैठकीत एकाच पेनानं मागच्या तीन महिन्यांची भरली जायची. ऑडिटर पण माणूसच, त्याला दिवसात दोन साइट करायच्या असतात, एकाच पेनाची शाई त्यालाही दिसते, पण चेकलिस्टवर "रजिस्टर उपलब्ध आहे का" एवढंच असतं, तर हो, उपलब्ध आहे. कॉफीत तर याहून अवघड, कारण तोडणी दोन-तीन महिन्यांची, मजूर कुठून कुठून आलेले, ऑडिटर ज्या दिवशी येतो त्या दिवशी ते मळ्यावर असतीलच असं नाही.

ब्राझील बघा. जगातली जवळपास एक तृतीयांश कॉफी तिथली, आणि त्यातली सगळ्यात जास्त मिनास जेराइस या एका राज्यातली. तिथल्या कामगार खात्याचे निरीक्षक मात्र खरोखरच धाड घालतात, पोलीस घेऊन. त्यांच्या कायद्यात गुलामीसदृश स्थिती असा स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणजे कर्जात अडकवणं, ओळखपत्रं काढून घेणं, माणसाला राहता येणार नाही अशा खोपटात ठेवणं. दोषी मालकांची नावं सरकार जाहीर करतं, तिकडे त्याला लिस्ता सूझा म्हणतात, म्हणजे घाणेरडी यादी. त्या यादीत कॉफीचे मळे पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यातल्या काहींकडे छापा पडला तेव्हा कुठला ना कुठला चांगला शिक्का होता. २०१६ मध्ये डॅनवॉच नावाच्या डॅनिश पत्रकारांच्या संस्थेनं हे लावून धरलं तेव्हा नेस्ले आणि जेकब्स डाउवे एग्बर्ट्स या दोन बड्या कंपन्यांना मान्य करावं लागलं की अशा मळ्यांवरची कॉफी आमच्याकडे आलेली असू शकते. आपण कोणाकडून घेतो ते सगळं आम्हालाच माहीत नाही, असा त्याचा अर्थ. स्टारबक्सनं २०१५ मध्ये जाहीर केलं होतं की आमची ९९ टक्के कॉफी नैतिक मार्गानं खरेदी केलेली आहे. २०२४ मध्ये याच दाव्यावरून अमेरिकेतल्या ग्राहक संघटनेनं त्यांच्यावर केस टाकली आणि २०२५ मध्ये ब्राझीलच्या ८ मजुरांच्या वतीनं आणखी एक. कंपनीला आरोप मान्य नाहीत, कोर्ट काय ते बघेल. मला त्यात पडायचं नाही. मला फक्त ९९ या आकड्याचं कौतुक वाटतं. माझ्या एक्सेलमध्ये सप्लायरचं फक्त नाव-पत्ता ९९ टक्के बरोबर आला तरी मी पार्टी देईन.

आणि परत तेच, मजूर खोपटात का राहतो? मालक नालायक असतो हे खरंच, पण मळ्याच्या हिशोबात सगळ्यात मोठा खर्च मजुरीचा असतो, आणि भाव पडला की पहिली कात्री तिथे लागते. कंपनी वरून नियम पाठवते की मजुरांना पक्क्या खोल्या द्या, आणि त्याच कंपनीचा खरेदी विभाग त्याच आठवड्यात मेल करतो की बाजार खाली आलाय, रेट रिवाइज करा. हे दोन मेल एकाच बिल्डिंगमधनं निघतात. माझ्या अनुभवात तर कॅन्टीनमध्ये सस्टेनेबिलिटीवाले आणि परचेसवाले एका टेबलावरही बसत नाहीत.

कूर्गमध्ये माझा एक मित्र आहे, घरची बारा-तेरा एकर कॉफी, बहुतेक रोबस्टा. त्याच्याकडे हंगामात गेले होते तेव्हा वाळवणीच्या खळ्यावर चेरी, म्हणजे कॉफीची फळं, पसरलेली, लाल, काळपट, दोन बायका लाकडी दाताळ्यानं दिवसभर उलथत होत्या, त्या आसामच्या होत्या आणि कन्नड-हिंदी-असमिया मिसळून बोलत होत्या. मित्र म्हणाला पूर्वी इथलेच येरवा आदिवासी कामाला असायचे, आता तोडणीला लांबलांबून माणसं आणावी लागतात. वाळली की ५० किलोची पोती. व्यापारी मूठभर चेरी घेऊन फोडतो, ५० किलोत साफ दाणा किती निघेल ते बघतो, त्याला ते आउटटर्न म्हणतात, आणि त्यावर भाव सांगतो. पाच मिनिटांत व्यवहार संपला. त्या पाच मिनिटांत सावली किती, पक्षी किती, झाडांच्या जाती किती हे कुणी विचारलं नाही.

आणि विचारायला हवं होतं, कारण भारताची कॉफी जगात विकली जाते ती सावलीतली कॉफी म्हणूनच. वर फणस, वड-उंबराच्या जातीची झाडं, रानजांभूळ, त्यांच्या खोडावर मिरीचे वेल, खाली कॉफी, असं दोन-तीन मजली जंगल. माहितीपत्रकात हाच फोटो असतो. पण प्रत्यक्षात बऱ्याच मळ्यांवर देशी झाडं कमी होत चाललीत आणि सिल्व्हर ओक वाढतोय, ऑस्ट्रेलियातनं आलेलं झाड, सरळसोट, भराभर वाढतं, त्यावर मिरी छान चढते आणि मुख्य म्हणजे तोडायला परवानग्यांची कटकट फार कमी. देशी झाड तोडायचं तर सरकारी फेऱ्या. मग कॉफीचा भाव पडलेल्या वर्षी मुलीची फी भरायची असेल तर शेतकरी काय करणार, विकता येईल असंच झाड लावणार ना. त्याच्यासाठी सिल्व्हर ओक ही एफडी आहे. कॉफीला कायम बरा भाव असता तर त्याला ही एफडी लावायची गरजच पडली नसती, फणस राहिला असता, त्यावरचे पक्षी राहिले असते. पण हे जैवविविधतेच्या प्रोजेक्टमध्ये असं मांडता येत नाही, तिथे रोपं वाटण्याचा फोटो लागतो.

रोपं वाटण्यावरनं आठवलं. नेस्लेचा नेसकॅफे प्लॅन २०१० पासून चाललाय, २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की २०३० पर्यंत एक अब्ज स्विस फ्रँकहून जास्त खर्च करू. चांगल्या जातीची रोपं, सल्ला, माती परीक्षण. हे वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही, म्हाताऱ्या झाडांच्या जागी नवी लावली तर त्या शेतकऱ्याचं एकरी उत्पन्न वाढतंच. पण सगळ्यांचंच वाढलं की बाजारात माल वाढतो, माल वाढला की भाव पडतो, आणि पडलेल्या भावानं माल कोण उचलणार, तर रोपं वाटणारी कंपनी. कांदावाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. म्हणजे हा खर्च जबाबदारीचा आहे की कच्चा माल स्वस्त राहावा म्हणून केलेली गुंतवणूक आहे, की दोन्ही? माझ्या मते दोन्ही, पण रिपोर्टमध्ये एकच लिहिलेलं असतं.

आपल्या देशात कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात, आणि सेबीचा बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा रिपोर्ट आता वरच्या हजार लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा आहे, माझा पगार त्यातनंच निघतो म्हणा ना. पण सीएसआर हा नफा झाल्यावरचा दानधर्म. भाव हा नफा व्हायच्या आधी द्यायचा असतो. त्यामुळे भाव वाढवून दिला तर तो सीएसआरमध्ये मोजताच येत नाही, आणि कमी भाव देऊन वाचलेल्या पैशातनं त्याच गावात शाळेला बाकं दिली तर ती मात्र मोजता येतात, फोटोसकट.

पैसे कधी देता हाही तसाच बाजूला पडलेला प्रश्न. उसाला कायदा आहे, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची, नाहीतर १५ टक्के व्याज. कारखाने पाळतात का हा वेगळा विषय, कोल्हापूर-सांगलीकडे विचारा, पण निदान कायद्याचं पुस्तक दाखवून आंदोलन करता येतं. कॉफीत दहाएक वर्षांपूर्वी बातम्या आल्या होत्या की काही बड्या रोस्टर, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्या, कंपन्यांनी सप्लायरना पैसे द्यायची मुदत ३०० दिवसांपर्यंत ताणली. ३०० दिवस! पुढचं पीक तोडणीला येतं तोवर. मधल्या व्यापाऱ्यानं बँकेतनं उचल काढायची, व्याज भरायचं, आणि ते व्याज कोणाच्या भावातनं वळतं करायचं हे सांगायला अर्थशास्त्री नको. मी अजून एकही सस्टेनेबिलिटी रिपोर्ट बघितला नाही ज्यात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की आम्ही इतक्या दिवसांत पैसे देतो.

आता युरोपचा नवा कायदा, जंगलतोडविरोधी. २०२३ मध्ये झाला. कॉफी, कोको, पाम तेल, सोया, रबर, लाकूड आणि गुरं, यातलं काहीही युरोपात विकायचं तर सिद्ध करा की ते ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवर पिकलेलं नाही. प्रत्येक प्लॉटचं जीपीएस, ४ हेक्टरच्या वर असेल तर पूर्ण हद्दीचा नकाशा. हेतू उत्तम, मला मनापासून पटलेला आहे. पण जगात कॉफीची सव्वा कोटीच्या आसपास शेतं आहेत आणि त्यातली बहुतेक दोन हेक्टरच्या आतली. त्यांचे नकाशे कोण काढणार? भारताची साधारण दोन तृतीयांश कॉफी बाहेर जाते, मोठा वाटा युरोपला, सगळ्यात पुढे इटली. त्यात कूर्गमध्ये जम्मा नावाची जुनी जमीनधारणा, तिथल्या सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर अजून पणजोबाचं आणि दहा चुलत्यांचं नाव. आता मोबाइलवर पॉलिगॉन, म्हणजे हद्दीचा नकाशा, काढायचा, पण तो कोणाच्या नावावर?

द्राक्षवाल्यांनी हे सगळं आधीच भोगलंय. ग्रेपनेट या निर्यात द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉट नोंदणी, फवारणीची वही, लॅबमध्ये अवशेष तपासणी, आमच्याकडे वीस वर्षं होत आली याला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला गावात सगळे लिहोसिन म्हणतात, त्याचे अवशेष सापडले म्हणून युरोपात कंटेनर अडकले. तोवर ते औषध तपासणीच्या यादीत नाही म्हणून कुणी बघतही नव्हतं. फटका कोणाला बसला, तर बागायतदाराला, त्याचे पैसे महिनोन्महिने लटकले. पण एक सांगते, त्यानंतर बागायतदार हुशार झाला. आमचे काका आता निर्यातदाराला सरळ विचारतात की तपासणीचे पैसे तुझे की माझे, आणि माल नापास झाला तर परतीचं भाडं कोणाचं, ते आधी लिहून दे. कॉफीवाल्यांना हेच सांगावंसं वाटतं, नकाशा द्या, जरूर द्या, पण नकाशाचे पोत्यामागे किती ते ठरवून द्या.

माझ्या मित्रानं विचारलंही. एका खरेदीदाराचा माणूस फॉर्म घेऊन आला होता, प्लॉटची माहिती, फोटो, सही. यानं विचारलं जादा किती? तो म्हणाला जादा काही नाही, पण हे नसेल तर पुढे माल घेता येणार नाही. मग कायदा २०२४ च्या डिसेंबरवरून २०२५ वर गेला, मग तिथनं २०२६ च्या डिसेंबरवर. ज्यांनी धावपळ करून, पैसे घालून नकाशे केले ते तसेच बसले.

दरम्यान बाजार भलतीकडेच गेला. ब्राझील आणि व्हिएतनाममध्ये दुष्काळ, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर, इतिहासात पहिल्यांदा. १९७५ मध्ये ब्राझीलचे मळे जाळणाऱ्या काळ्या थंडीनंतर ७७ मध्ये जो उच्चांक झाला होता तो इतकी वर्षं टिकला, तो डिसेंबर २०२४ मध्येच मोडला होता. कूर्गमध्ये रोबस्टा चेरीचं ५० किलोचं पोतं, जे कित्येक वर्षं तीन-चार हजारांत रेंगाळत होतं, ते २०२४ मध्येच दहा हजारांच्या पुढे गेलं होतं. पंचवीस वर्षांत कुठल्या शिक्क्यानं जे केलं नाही ते दोन दुष्काळांनी केलं. आणि आता कंपन्यांच्या रिपोर्टमध्ये अचानक पुरवठ्याची शाश्वती हा शब्द ठळक झालाय, शेतकऱ्याशी दीर्घकालीन नातं वगैरे. खरंच हवं असेल तर सोपं आहे, आत्ताच पाच वर्षांचा करार करा, खालचा भाव लिहून द्या, बाजार पडला तरी पाळा. वर असताना सगळेच गोड बोलतात.

मित्राला असं विचारणारा अजून कुणी आलेला नाही. त्यानं मागच्या हंगामाची सगळी पोती गावातल्या व्यापाऱ्याला रोखीनं दिली, जुनं सोसायटीचं कर्ज फेडलं, खळं नव्यानं सिमेंटचं केलं आणि बेडकाच्या सर्टिफिकेटसाठी चाललेल्या गटातनं नाव काढून घेतलं. भाव पडले की परत ये म्हणालेत ते.